ऑपरेशन दुर्बिणीने की पोट उघडून?



ऊस विकास अधिकाऱ्याने ऑपरेशनवर लिहावे हे काहींना खटकेल. पण हल्ली गट ऑफिसात लागणीची नोंद देता देता वडीलधारी मंडळी हळूच प्रोस्टेटचा विषय काढतात. "रोबोनेच करायचं, एकरभर रान गेलं तरी चालंल," असेही कानावर येते. रान विकण्याआधी एवढे वाचा.

प्रथम एक घोटाळा दूर करू. वयोमानाने वाढलेली प्रोस्टेट लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खरवडतात, ते ऑपरेशन निराळे. येथे विषय कॅन्सरचा आहे. त्यात सबंध ग्रंथी काढतात. एक तर बेंबीखाली चीर देऊन, नाही तर पाच-सहा लहान छिद्रांतून. रोबो स्वतःच्या मनाने काही कापत नाही. त्याचे हात सर्जनच चालवतो.

दोन वाणांची तुलना आपण एकाच रानात, एकाच पाण्यावर करतो. तशी चाचणी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झाली. (क्वीन्सलँड, म्हणजे तोही उसाचाच मुलूख!) २०१० ते २०१४ या काळात ३२६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत वाटले. २०१६ साली निकाल आला. रक्तस्राव रोबोत सरासरी ४४३ मि.लि., उघड्या ऑपरेशनात १,३३८. दवाखान्यात मुक्काम दीड दिवस, तर तिकडे सव्वातीन. पहिल्या आठवड्यात दुखणेही कमी. हा फायदा खरा आहे.

पण माणूस भितो ते लघवी न थांबण्याला आणि पुरुषत्व जाण्याला. त्यात १२ आठवड्यांनी फरक सापडला नाही, २ वर्षांनीही नाही. २ वर्षांनी पी.एस.ए. पुन्हा वाढलेले रुग्ण रोबो गटात कमी होते; परंतु ऑपरेशननंतरचे उपचार सर्वांना एकसारखे नव्हते, म्हणून तो आकडा जपून घ्या, असे संशोधकांनीच सांगितले.

आणि हे दोन्ही सर्जन सरावलेले होते. उघडे ऑपरेशन करणाऱ्याने आधी १,५०० हून अधिक केली होती, रोबोवाल्याने २००. तेव्हा यंत्राचा खर्च विचारण्याआधी डॉक्टरांना "आपण अशी किती केलीत?" हे बेधडक विचारा. रागावले तर दुसरा डॉक्टर बघा. मंद वाढणाऱ्या कॅन्सरवर काही वेळा नुसती नजर ठेवतात, ऑपरेशन लागतच नाही. तेही विचारून घ्या.

कोणत्याही पद्धतीत लघवीची नळी आठवडा-दोन आठवडे राहते, जड उचलणे काही आठवडे बंद. रात्रीचे बारे तेवढे दिवस मुलाकडे सोपवावे लागेल.