टी.व्ही.वरचा कार्यक्रम जपून ठेवायचा, पण दरमहा पैसे न भरता

जालना जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत जा, पत्र्याच्या घरावरसुद्धा टी.व्ही.ची छत्री दिसते. टी.व्ही. आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. परंतु ज्यांच्या घरात टी.व्ही. आहे, त्यांना तो पाहायला सवड असतेच असे नाही. स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये पाळीने काम करणारा माणूस रात्रपाळीहून येऊन झोपतो, तेव्हा त्याला पाहायचा असलेला कार्यक्रम होऊन जातो. घनसावंगी, मंठ्याकडे कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी घराबाहेर पडते ती दिवेलागणीलाच परतते. मुलगा शाळेत असतो. कार्यक्रम त्याच्या वेळेवर येतो नि निघून जातो, आणि आपली वेळ आपल्या हातात नसते. मग तो कार्यक्रम धरून ठेवता येईल काय? येत असेल तर त्यासाठी दर महिन्याला कुणाच्या खिशात पैसे घालावे लागतील काय? हे दोन प्रश्न आम्हाला या लेखात पाहावयाचे आहेत.

धरून ठेवण्याची सोय नवी नाही. सोनी कंपनीची बीटामॅक्स पद्धत १९७५ साली आली आणि पाठोपाठ १९७६ साली जे.व्ही.सी. कंपनीची व्ही.एच.एस. आली. आपल्याकडे घराघरात तिला व्ही.सी.आर. म्हणून ओळखत. मात्र ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या वस्तीत व्ही.सी.आर. कुणाच्या मालकीचा नसे. तो भाड्याने येई. जयंतीच्या सुमारास किंवा एखाद्या लग्नाच्या आदल्या रात्री वर्गणी काढून टी.व्ही. आणि व्ही.सी.आर. एका रात्रीपुरता आणायचा, विहाराच्या ओट्यावर मांडायचा आणि उजाडेपर्यंत तीन-तीन पिक्चर पाहायचे, अशी पद्धत होती. रेकॉर्ड करण्याचे बटण त्या यंत्राला होते, हे कित्येकांच्या गावीही नव्हते. ज्यांच्याकडे स्वतःचा व्ही.सी.आर. होता त्यांनी रामायण-महाभारत भरलेल्या कॅसेटी पुढे बुरशी येईपर्यंत सांभाळल्या. त्या यंत्राचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. एकदा विकत घेतले की संपले. कॅसेट आपली, यंत्र आपले, त्यावर भरलेला कार्यक्रमही आपला.

तो जमाना आता संपला आहे. व्ही.सी.आर. बनविणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. त्याच सुमारास आपल्याकडे केबल टी.व्ही. डिजिटल करण्याचा चौथा टप्पा सुरू होता व त्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. केबलची वायर थेट व्ही.सी.आर.ला जोडून रेकॉर्ड करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. साध्या अँटेनावर येणारे दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपणही २०२१-२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद करण्यात आले. माळ्यावर पडलेला जुना व्ही.सी.आर. कुणी दुरुस्त करून देतो म्हणाला, तर आमचे मत असे की त्यावर पैसा घालू नये. जुन्या लग्नाची कॅसेट उतरवून घ्यायची असेल तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

व्ही.सी.आर.ची जागा ज्या यंत्राने घेतली, त्याच्या पाठीमागे महिन्याचे भाडे आले. अमेरिकेत १९९९ साली टिव्हो नावाचा रेकॉर्डर आला, त्याला दरमहा सुमारे दहा डॉलर भरावे लागत. आपल्या देशात २००८ साली टाटा स्काय प्लस आला आणि इतर डी.टी.एच. कंपन्यांनीही तसे बॉक्स काढले. सोय उत्तम होती, यात वाद नाही. परंतु अशा बॉक्समधील रेकॉर्डिंग कुलूपबंद असते. ते त्याच बॉक्सवर चालते, दुसरीकडे नेता येत नाही, आणि रिचार्ज संपला की आपणच भरून ठेवलेला कार्यक्रम आपल्यालाच पाहता येत नाही. म्हणजे घरात कणगी आहे, कणगीत धान्य आहे, पण किल्ली सावकाराकडे.

हिशेबही पाहू. ट्रायची नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हा नुसती जोडणी चालू ठेवण्याचे कमाल शुल्क महिन्याला १३० रुपये ठरले होते. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरला की १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले १,८४० रुपये ८० पैसे, आणि यात पैसे देऊन घ्यावयाच्या एकाही वाहिनीची किंमत धरलेली नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादाही काढून टाकली. ज्या घरात महिन्याच्या शेवटी तेलाची पिशवी अर्धा किलोची आणायची की एक किलोची याचा विचार होतो, त्या घराने हा आकडा कागदावर लिहून पाहावा.

मग दुसरा मार्ग कोणता? तो म्हणजे प्रसार भारतीची डी.डी. फ्री डिश. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डी.डी. डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, त्यानंतर महिन्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती पोहोचली आहे, असा या धंद्यातील जाणकारांचा अंदाज आहे. 'फ्री डिशचा रिचार्ज संपला आहे, भरा' असा फोन किंवा निरोप कुणाला आला तर तो सरळसरळ फसवणुकीचा समजावा. या सेवेला रिचार्ज नसतोच.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसते. त्यामुळे साधा बॉक्ससुद्धा त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ शकतो. याची किंमत कोरोनाच्या काळात ज्यांच्या घरी शाळकरी मुले होती त्यांना कळली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एम.के.सी.एल. नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथे हीच शाळा. पण त्याच तासाला लाइट गेली, किंवा पोरगी आईबरोबर खुरपणीला गेली, तर तो धडा हुकला. बॉक्सला वीस-पंचवीस मिनिटांचा पाठ धरून ठेवता येतो हे ठाऊक असते, तर किती मुलांचा अभ्यास वाचला असता! आजही पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या याच छत्रीवर येतात. रेकॉर्डरचा खरा उपयोग आम्हाला तिथे दिसतो. सासू-सुनांच्या मालिका पुन्हा पाहायच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता बॉक्स निवडण्याविषयी. जालन्याच्या बाजारात फ्री डिशचे बॉक्स दोन जातींचे मिळतात. जुने एम.पी.ई.जी.-२ आणि नवे एम.पी.ई.जी.-४. दिसायला सारखेच, किमतीत काही शेकड्यांचा फरक. दुकानदार स्वस्त पुढे करतो. तो घेऊ नये. फ्री डिशवरील कित्येक वाहिन्या नव्या पद्धतीत येतात व त्या जुन्या बॉक्सवर दिसतच नाहीत. नवा बॉक्स मात्र दोन्ही दाखवतो. दुसरे, बॉक्सला यू.एस.बी.चे भोक आहे म्हणजे तो रेकॉर्ड करतो असे समजू नये. पुष्कळ बॉक्समध्ये ते फक्त गाणी वाजवायला आणि पिक्चर लावायला असते. खोक्यावर 'पी.व्ही.आर.' किंवा 'रेकॉर्डिंग' असे छापलेले पाहावे, रिमोटवर लाल ठिपक्याचे बटण पाहावे, आणि आपला पेनड्राइव्ह बरोबर नेऊन दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून दाखवायला सांगावे. त्यात संकोच कसला? पातेले घेताना आपण टिचकी मारून पाहतोच की. बॉक्सवर बी.आय.एस.चा नोंदणी क्रमांक आहे याचीही खात्री करावी आणि बिल मागून घ्यावे.

पुष्कळांचा आणखी एक समज असतो. नव्या टी.व्ही.च्या रिमोटवरच रेकॉर्डचे बटण आहे, मग वेगळे यंत्र कशाला? ते बटण टी.व्ही.च्या स्वतःच्या ट्यूनरवर आलेला कार्यक्रमच धरते. एच.डी.एम.आय. वायरीने बाहेरच्या बॉक्समधून आलेले चित्र त्याला रेकॉर्ड करता येत नाही. टी.व्ही.तच उपग्रहाचा ट्यूनर असेल तर गोष्ट निराळी. अशा संचांसाठी बी.आय.एस.ने आय.एस. १८११२ : २०२२ हे मानकही केले आहे. नवा टी.व्ही. घेणारच असाल तर तेवढे विचारून घ्यावे. नुसत्या रेकॉर्डिंगसाठी मात्र टी.व्ही. बदलण्याचे कारण नाही.

पेनड्राइव्ह नामवंत कंपनीचा घ्यावा. रस्त्यावरच्या स्वस्त पेनड्राइव्हचा वेग कमी पडतो व चित्र अडखळते. साध्या वाहिनीचा एक तासाचा कार्यक्रम साधारण एक ते दीड जी.बी. जागा घेतो. म्हणजे ३२ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर वीसएक तास सहज मावतात. मुलांच्या पाठांना एक आणि इतर कार्यक्रमांना दुसरा, असे दोन ठेवले तर घरात भांडणे होत नाहीत. रेकॉर्डिंग चालू असताना टी.व्ही. बंद ठेवला तरी चालतो. चालू राहावा लागतो तो फक्त बॉक्स. त्याला वीज अगदी थोडी लागते, आणि बऱ्याच बॉक्सना बाहेरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर असतो. ज्यांच्या गावात लाइटचा भरवसा नाही त्यांनी असाच बॉक्स निवडावा, म्हणजे माहितगार माणसाकडून तो बॅटरीवर जोडून घेता येतो.

या मार्गाच्या उणिवा लपवून ठेवणे बरोबर नाही. फ्री डिशवर सर्व वाहिन्या येत नाहीत. खाजगी वाहिन्यांना तेथील जागा लिलावात घ्यावी लागते. त्यामुळे काही येतात, काही जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजनाच्या वाहिन्या एकदम काढून घेतल्या होत्या. स्टार प्रवाहवर १८ मे २०१९ पासून डॉ. बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका चालली, ती आपल्या लोकांनी पदरचे पैसे भरून पाहिली, कारण त्या वाहिनीसाठी पैसे मोजणे भाग होते. तेव्हा ज्याला ठरावीक खाजगी वाहिनीच हवी, त्याचे फ्री डिशने समाधान व्हायचे नाही. जोराच्या पावसात चित्र जाते, तेव्हा रेकॉर्डिंगही तुटते. आणि साध्या बॉक्सला एकच ट्यूनर असतो. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी हवी ती पाहता येईलच असे नाही.

कुणी म्हणेल, हे सारे कशाला, मोबाइलवर सगळे मिळते. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचे ॲप काढले आहे. खरे आहे. पण मोबाइललाही रिचार्ज लागतो, आणि घरात एकच मोबाइल असला तर तो बापाच्या खिशात कामावर जातो.

कायद्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये बीटामॅक्सच्या खटल्यात असा निकाल दिला, की नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणे हा गुन्हा नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३९ प्रमाणेही, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकविण्यासाठी प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग करण्यास मनाई नाही. परंतु त्याच्या प्रती काढून विकणे, किंवा तिकीट लावून लोकांना दाखविणे हे चालत नाही. मंडळाच्या उत्साही तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे.

छत्री बसविणे हे अवघड काम नाही. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जालन्याहून तो बरोबर आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. छत्रीचा चेहरा त्यामानाने खाली झुकलेला दिसतो, त्याने गोंधळू नये. तिची घडणच तशी असते. आग्नेयेला लिंबाचे झाड किंवा शेजाऱ्याची माडी आड येत असेल तर जागा बदलावी. जुनी पैसे भरण्याची छत्री घरावर पडून असेल तर बहुधा तीच फिरवून वापरता येते, नवी घेण्याची गरज नसते. फक्त वरचा एल.एन.बी. आणि वायर तपासून घ्यावी.

बॉक्स जोडून झाला की सर्वप्रथम त्याचे घड्याळ पाहावे. बरेच बॉक्स कारखान्यातून लंडनच्या वेळेवर लावून येतात. सेटिंगमध्ये जाऊन ते साडेपाच तास पुढे करावे लागते. हे कुणी सांगत नाही, आणि मग टायमर चालत नाही म्हणून बॉक्स परत करायला लोक दुकानात जातात. घड्याळ तसेच राहिले तर सकाळी साडेसातसाठी लावलेले रेकॉर्डिंग दुपारी एक वाजता सुरू होते.