पन्नाशी ते साठीमधली दहा वर्षे

सरकारी कारकुनाच्या निवृत्तीची तारीख त्याच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरलेली असते. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला, रंगारी किंवा बाजार समितीतला हमाल यांची तारीख कुठेच लिहिलेली नसते. ती गुडघे, मणका आणि खांदे मिळून ठरवतात आणि बहुतेकदा साठीच्या बरीच अलीकडे ठरवतात. आपल्याकडच्या पेन्शन योजना मात्र साठ हा आकडा धरून बसल्या आहेत. शरीर थकते पन्नाशीच्या आसपास, पैसे सुरू व्हायचे साठीला. मधली दहा वर्षे ना कामाची, ना आरामाची. अंगमेहनतीच्या माणसाने निवृत्तीचा विचार साठीपासून न करता या दहा वर्षांपासून करावा, आणि त्यातही आधी कामाचा, मग पैशाचा, असे माझे म्हणणे आहे.

हे अंतर कल्पनेतले नाही. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. पंचविशीतल्या बिगाऱ्याला ती तेवढीच आणि पंचावन्नच्यालाही तेवढीच. बदलतो तो उचलणारा. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी घटत जाते. आठ तास रेटायचे काम या कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशात बसावे, असा श्रमशास्त्राचा ढोबळ नियम आहे. पंचविशीत जे काम बरोबर तेवढ्यात बसत होते, तेच पंचावन्नाव्या वर्षी चाळीस टक्क्यांच्या वर जाते. म्हणून थकवा रात्रीत भरून निघत नाही, खाडे वाढतात, आणि नाक्यावर उभे राहिले की मुकादमाची नजर आपल्यावरून घसरून शेजारच्या पोरावर जाते. कष्टाच्या व्यवसायांना पेन्शनचे वय कमी असावे, हा विचार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या करारातही आहे. ऑस्ट्रियात दीर्घकाळ जड काम केलेल्यांना ठरावीक अटींवर साठीतच पेन्शन घेता येते, तिथल्या पुरुषांचे नेहमीचे पेन्शनवय मात्र पासष्ट आहे. आपल्याकडे बहुतेक योजनांनी हा भेद धरलेला नाही; बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाची नोंदणीही १८ ते ६० अशी सरसकट.

यावर नेहमीचे उत्तर येते की काम करणारा माणूस ठणठणीत राहतो, बसला की संपला. यात तथ्य आहे, पण अर्धेच. मनाने ठरवलेला व्यायाम आणि पोटासाठीचे ओझे शरीराला सारखे नसतात. व्यायाम करणारा दमला की थांबतो. स्लॅब पडत असताना घमेले वाहणाऱ्याला थांबता येत नाही. फावल्या वेळातल्या हालचालीने आयुष्य वाढते, पण दिवसभराच्या जड उचलीचा तसा फायदा दिसत नाही, असे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. शिवाय इथे कुणाला खाटेवर बसवायचे नाही. सोडायचे आहे ते ओझे.

ते सोडायचे तर आधी कामाचाच आकार बदलावा लागतो. हा बदल पन्नाशीत कंबर धरल्यावर करायला गेले तर फार उशीर होतो. पंचेचाळिशीच्या गवंड्याने परांचीवरचा बाहेरचा गिलावा हळूहळू सोडून गळतीची, दुरुस्तीची, डागडुजीची कामे धरावीत. त्यात अंगमेहनत कमी आणि डोके जास्त लागते. सुताराने साइटवरून वर्कशॉपकडे सरकावे. नकाशा वाचणे, मापे काढणे, ब्रासचा आणि मालाचा हिशोब मांडणे हे शिकून घ्यावे. वीस वर्षे काम केलेल्याला त्यातले निम्मे आधीच येत असते, फक्त कागदावर आणायचे असते. अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी धरून अठरा व्यवसाय आहेत. तीत अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांचे कर्ज मिळू शकते. हे कर्ज घरातल्या लग्नात न जाता यंत्रात गेले, तर खांद्याची पाच वर्षे तरी वाचतील.

ही वाट सगळ्यांना नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईला मिस्त्रीपणाची पायरी आपल्या बांधकामात जवळजवळ ठेवलेलीच नाही. वीस वर्षांनंतरही ती हाताखालचीच राहते, मजुरी पुरुषाहून कमी, आणि घरी गेल्यावर चूल आहेच. हमालाचेही तसेच, पोते उचलण्यात वरची इयत्ता नसते. म्हणजे ज्यांचे अंग आधी जाते, त्यांनाच काम बदलण्याची सोय नाही. त्यांच्यासाठी वैयक्तिक नियोजनाचा सल्ला हा फुकटचा उपदेश ठरतो. तिथे संस्थाच लागते.

आणि अशी संस्था याच राज्यात उभी राहिलेली आहे. ‘रोजंदारीवाल्याला उद्याचे माहीत नाही, तो शिल्लक काय टाकणार?’ हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण माथाडी कायद्याने १९६९ मध्येच त्याला उत्तर दिले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यामुळे हमालाचा मालक रोज बदलत असला तरी मजुरी माथाडी मंडळामार्फत जाऊ लागली आणि तिच्यावर मालकाकडून लेव्ही घेतली जाऊ लागली. त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी उभी राहिली. हमाल एकाएकी काटकसरी झाला, असे काही घडले नव्हते. पैसा त्याच्या हातात पडण्याआधीच बाजूला निघत होता, एवढेच. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, नोंदणीबाहेर राहिलेले हमालही आहेत, पण कुणाचा कायम नोकर नसलेल्या माणसालाही म्हातारपणाची पुंजी जमवता येते, हे तिथे सिद्ध झालेले आहे. बांधकामात १९९६ च्या केंद्रीय कायद्याने खर्चाच्या १ टक्का उपकर आणला आणि कल्याण मंडळे आली. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हा नोंदणीचा पाया. महाराष्ट्राने २०२५ मध्ये साठी ओलांडलेल्या नोंदित बांधकाम कामगारांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरवले: १० वर्षांच्या नोंदणीला वर्षाला ६ हजार, १५ ला ९ हजार, २० ला १२ हजार. महिन्याला हजार रुपये म्हणजे किराण्याची एक खेप. तरीही त्यातली मोजणी पाहावी. पैसे नोंदणीच्या वर्षांवर मिळतात, म्हणून मंडळाकडून मिळणारा भांड्यांचा संच घेण्यापुरती नोंदणी करून पुढे नूतनीकरण विसरणारा इथे चांगलाच फसतो.

स्वतःच्या खिशातून टाकायच्या योजनांत अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या दोन ठळक. २०१५ च्या अटल पेन्शनमध्ये साठीनंतर महिना १ ते ५ हजार मिळतात. ५ हजारांसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४. २०१९ च्या श्रमयोगी मानधनमध्ये ३ हजारांसाठी वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये, आणि तेवढेच सरकार घालते. दोन्हींचे दार चाळिशीला बंद होते. गुडघा पहिल्यांदा बोलतो तेव्हा दार लागलेले असते. महागाई ६ टक्के धरली तर आज ठरलेल्या ५ हजारांना वीस वर्षांनी आजच्या साधारण १,५६० रुपयांइतका माल येईल. म्हणून या योजना घ्याव्यात जरूर, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. मधल्या दहा वर्षांसाठी वेगळी पुंजी हवी. तिशीतल्या मिस्त्रीने कामाच्या दिवशी ५० रुपये बाजूला टाकले आणि वर्षात २५० दिवस भरले, तर साडेबारा हजार होतात. ७ टक्क्यांनी वीस वर्षांत त्यांचे सुमारे ५ लाख १२ हजार. पन्नाशीपासून दहा वर्षे ही रक्कम खात गेले, तर महिना ६ हजारांच्या आसपास हाती येतात. यात संसार चालत नाही. पण हलके काम धरल्यावर मजुरीत पडणारा खड्डा बराचसा बुजतो. भिशी आणि मुकादमाकडची उचल यांच्या फेऱ्यात अडकलेल्याला पोस्टातले पीपीएफ खाते गैरसोयीचे वाटते, कारण पैसा पंधरा वर्षे सहजी हाताला लागत नाही. मला तोच त्याचा गुण वाटतो.

‘गावाकडे घर बांधलंय, थोडी जमीन आहे, पोरगा हाताशी आलाय’ हा या व्यवसायांतला खरा निवृत्ती आराखडा. त्याची थट्टा करू नये, पण तो तपासावा. स्लॅबचे मोठे घर गावात उभे राहते आणि भाड्याने कुणी घेत नाही. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्या असत्या तर दरमहा काही आले असते. कोरडवाहू शेती म्हणजे वाकून करायचे कामच, म्हणजे ज्या मणक्यासाठी शहर सोडले त्याच्यावर पुन्हा तोच भार. पोरगा माणुसकीला जागला तरी तोही बहुधा रोजंदारीवरच असतो. आईवडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा त्याच्या रिकाम्या खिशातून काय काढणार?

राहतो प्रश्न दराचा. पन्नाशीचा मिस्त्री ओझे सोडून डोळा आणि डोके विकायला निघाला, तरी आपल्याकडे मजुरी हजेरीवर आणि काम चौरस फुटावर मोजतात. गळती नेमकी कुठून हे पाच मिनिटांत सांगणाऱ्याला घरमालक विचारतो, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ त्यामुळे तो पाहणी फुकट करतो आणि पैसे तोडफोडीतून काढतो, म्हणजे पुन्हा छिन्नी-हातोडा हातात घेतो. पाहणीचे शुल्क वेगळे सांगायची आणि वेगळे द्यायची सवय दोन्ही बाजूंनी लावून घ्यावी लागेल. ती आधी मिस्त्रीने लावावी, आणि चाळिशीत, अंगात नाही म्हणायचे बळ असताना.