साथिनीच्या जाजमापासून अंतर्गत समितीपर्यंत

भारतात कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या सन्मानाविषयीचे जे प्रशिक्षण आज कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा इतिहास सहसा १९९७ च्या विशाखा निकालापासून सांगितला जातो. तथापि ज्या घटनेतून तो निकाल निघाला तिच्या मुळाशीही एक प्रशिक्षणच होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढच्या वाटचालीचे नीट मूल्यमापन होऊ शकत नाही. राजस्थान सरकारने १९८४ मध्ये महिला विकास कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गावोगावच्या गरीब आणि बहुतांशी निरक्षर स्त्रियांमधून ‘साथिन’, म्हणजे मानधनावर काम करणारी गावपातळीवरील कार्यकर्ती, निवडली जाऊ लागली. या साथिनींच्या निवासी शिबिरांत बाया गोल बसून स्वतःच्या लग्नाचे, बाळंतपणाचे, मजुरीचे अनुभव सांगत, गाणी रचत आणि त्या बोलण्यातूनच बालविवाह, किमान वेतन, घरातली मारहाण हे प्रश्न पुढे येत. त्यांच्या नियमित बैठकीला तर ‘जाजम’ हेच नाव पडले होते. शिकणारी आणि शिकवणारी एकाच जाजमावर बसत, हे या पद्धतीचे खरे बळ होते.

जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवी यांनी १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा प्रयत्न केला, तो याच प्रशिक्षणाला जागून आणि नेमून दिलेल्या कामाचा भाग म्हणून. त्याचा सूड २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार करून उगविण्यात आला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. ज्या शासनाने त्यांना अन्यायाविरुद्ध बोलायला शिकवले, त्याच शासनाने बोलण्याची किंमत मोजायची वेळ आल्यावर त्यांना एकटे सोडले, कारण मानधनावरची साथिन नोकरदार मानलीच जात नव्हती. प्रशिक्षण द्यायचे आणि संरक्षणाची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही विसंगती इथे जितक्या क्रूरपणे उघडी पडली तितकी क्वचितच कुठे पडली असेल.

विशाखा आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती नेमकी या जबाबदारीसाठी. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. बी. एन. किरपाल आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश राहिलेल्या न्या. सुजाता मनोहर यांच्या पीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल देताना लैंगिक छळ, म्हणजे नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरेबाजी, अश्लील चित्रे दाखविणे आणि तत्सम अवांछित वर्तन, रोखण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. स्त्री अध्यक्ष, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि बाहेरच्या संस्थेची प्रतिनिधी अशी तक्रार समिती नेमावी, तसेच स्त्री कर्मचाऱ्यांना त्यांच्या हक्कांची माहिती द्यावी, असेही त्यात सांगितले होते. कायदा होईपर्यंत ही मार्गदर्शक तत्त्वेच कायदा ठरणार होती. ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली, हे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोटवाल-लेले यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात समोर आले आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाला अंमलबजावणीबाबत पुन्हा आदेश द्यावे लागले.

कामाच्या ठिकाणी होणारा स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. ‘कर्मचारी’ या संज्ञेत त्याने कायम, हंगामी, कंत्राटी, इतकेच नव्हे तर विनामोबदला काम करणाऱ्या व्यक्तीलाही घेतले, म्हणजे साथिनीला नाकारलेली ओळख उशिरा का होईना मान्य केली. आणि कलम १९ अन्वये ठरावीक कालांतराने कार्यशाळा घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. तक्रार समिती, म्हणजे या कायद्यातील ‘अंतर्गत समिती’, न नेमणाऱ्या किंवा कायद्यातील इतर तरतुदी मोडणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परिणामी कार्यशाळा वाढल्या, पण त्यांचा बाज बदलला. पडद्यावर सरकणाऱ्या चित्रचौकटी, हजेरीपटावर सही, शेवटी काही पर्यायी प्रश्न आणि लगोलग प्रमाणपत्र, असे स्वरूप अनेक कचेऱ्यांत रूढ झाले, आणि समितीचे सदस्य कोण हे मात्र त्याच कचेरीतल्या शिपाई बाईंना किंवा कंत्राटी सफाई कामगार स्त्रियांना ठाऊक नसते. अशा तासाभराच्या उपचाराला प्रशिक्षण म्हणणे कठीण आहे. याउलट मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ‘कोरो’ ही स्वयंसेवी संस्था यांच्या सहभागाने जो लिंगभाव समतेचा उपक्रम चालला, त्यात खेळ आणि चर्चेतून घरकाम, चिडवणे, मारामारी यांवर मुलांना बोलते करण्यात आले. जाजमाची रीत तिथे अधिक टिकलेली दिसते.

समितीला प्रशिक्षण नसले की काय होते, हे गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात दिसले. चौकशी घाईने उरकल्यामुळे आरोपित प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीचा आदेश रद्द केला आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठविले. तक्रारदार स्त्रियांच्या वाट्याला त्यामुळे इतक्या वर्षांनंतर पुन्हा तीच वाट आली. याच निकालात सदस्यांच्या नियमित प्रशिक्षणाचे आदेश आहेत, आणि त्याचाच पाठपुरावा करताना डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्यास सांगितले.

स्थानिक समिती ही दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांतील स्त्रिया आणि घरकामगार यांच्यासाठी असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मालकीण कार्यशाळा घेणार नाही, हे उघड आहे. म्हणून स्वयंसेवी संस्थांना सोबत घेऊन जागृती करण्याचे काम कलम २० ने जिल्हा अधिकाऱ्याकडे दिले आहे. साथिनीसारखीच मानधनावर राबणारी आशा कार्यकर्ती, ऊसतोडीला जाणारी बाई आणि घरकामगार यांच्यापर्यंत हे काम पोचवायचे तर त्याला शिबिरांसाठी निधी, स्थानिक भाषेतले साहित्य आणि तक्रार केल्यानंतर पाठीशी उभी राहणारी समिती या तिन्हींची एकदम गरज आहे, आणि बहुतेक जिल्ह्यांत यांपैकी एकाचीही पुरती सोय अद्याप झालेली दिसत नाही.