पडद्यावरची सावली

भर दुपारच्या उन्हात एक पांढरा कागद जमिनीवर पसरा आणि त्यावर सेंटिमीटरभर उंचीवर पेन्सिल आडवी धरा. सावली अगदी रेखीव पडेल. आता पेन्सिल सावकाश वर न्या. सावलीच्या कडा विरत जातील आणि मीटरभर उंचीवर केवळ एक फिकट पट्टा उरेल.

असे का व्हावे? सूर्य हा बिंदू नाही. आपल्याला तो सुमारे अर्ध्या अंशाच्या तबकडीएवढा दिसतो. सावलीच्या कडेजवळ ही तबकडी अर्धवट झाकलेली असते. हीच उपच्छाया. सूर्य डोक्यावर असताना तिची रुंदी वस्तूच्या उंचीच्या साधारण 107 व्या भागाएवढी भरते. म्हणजे 1 सेंटिमीटर उंचीला 0.1 मिलिमीटर, तर 1 मीटरला 9 मिलिमीटर.

सावलीवरून उंची ओळखण्याची सवय आपल्या डोळ्यांना इतकी जडलेली असते की त्यांना फसवणेही सोपे जाते. 1997 मध्ये कर्स्टन, मामासियाँ आणि निल या संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर एका खोक्यात सरकणारा चेंडू दाखवला. चेंडूचा मार्ग तोच ठेवून त्यांनी फक्त सावलीचा मार्ग बदलला. तेवढ्याने, जमिनीवरून सरकणारा चेंडू पाहणाऱ्यांना हवेत उचलला गेल्यासारखा दिसू लागला!

मोबाइलच्या पडद्यावर एखादे छायाचित्र पृष्ठभागापासून किंचित वर तरंगताना दिसते, ते याच युक्तीने. काच सपाट आहे, तिथे ना दिवा ना सूर्य. मग सावली येते कुठून? ती गणिताने काढावी लागते.

चित्रातील प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, रंगाखेरीज आणखी एक संख्या जोडलेली असते. तिला अल्फा म्हणतात. ठिपका पूर्ण अपारदर्शक असेल तर अल्फा 1, पूर्ण पारदर्शक असेल तर 0. रंग टाकून देऊन नुसता अल्फा घेतला की चित्राची काळी आकृती हाती येते. ती थोडी खाली सरकवायची, तिच्या कडा पुसट करायच्या, ती फिकी करायची आणि तिच्यावर मूळ चित्र ठेवायचे. (सरकवताना एक गंमत होते. काही प्रणालींत य-अक्षाची धन दिशा वर असते, काहींत खाली. माझ्या एका विद्यार्थ्याची सावली चिन्ह चुकल्यामुळे चित्राच्या डोक्यावर जाऊन बसली होती.)

खरे मर्म कडा पुसट करण्यात आहे. त्यासाठी प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या ठिपक्यांच्या अल्फांची सरासरी घेतात. सरळ कडेवरच्या ठिपक्याचे निम्मे शेजारी आकृतीच्या आत आणि निम्मे बाहेर, म्हणून सरासरी अर्धी येते. उन्हातल्या सावलीकडे पुन्हा पाहा. उपच्छायेच्या मध्यावरून सूर्याची तबकडी नेमकी अर्धीच दिसते! सरासरीची खिडकी म्हणजे जणू सूर्याची तबकडीच. सावलीचा काळेपणा 0.3 ठेवला, तर आत पांढऱ्या जमिनीची 255 ही तेजस्विता 255 × 0.7, म्हणजे सुमारे 178 होते. कडेवर ती 255 × 0.85, म्हणजे सुमारे 217 राहते.

पण ही सरासरी महाग पडते. 21 × 21 ठिपक्यांची खिडकी घेतली तर दर ठिपक्याला 441 संख्या हाताळाव्या लागतात. 400 × 300 ठिपक्यांच्या चित्राला हा आकडा 5 कोटी 29 लाखांवर जातो, आणि पडदा तर सेकंदाला 60 वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने रंगवायचा असतो. म्हणून आधी फक्त आडव्या ओळींत सरासरी घेतात, मग त्या उत्तरांची उभ्या ओळींत. 441 ऐवजी 21 + 21 = 42 संख्यांत काम भागते! मात्र एकसारख्या गोल तबकडीची अशी आडवी-उभी फोड होत नाही. ती गाउसच्या घंटाकृती वक्राची होते, आणि त्याने येणारी सावली सर्व दिशांना सारखीच विरते. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांनी सूर्य सोडून गाउसला जवळ केले. मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

एका बाबतीत मात्र ही साधी सावली उघडी पडते. विजेच्या खांबाची सावली पायथ्याशी रेखीव आणि टोकाशी पुसट असते, कारण टोक जमिनीपासून दूर असते. पडद्यावर पूर्ण चित्राला एकच पुसटपणा दिलेला असतो. खांबाचे छायाचित्र घेऊन त्याला अशी सावली द्या आणि ती बाहेरच्या खऱ्या सावलीशेजारी धरून पाहा. फरक लगेच ध्यानात येईल.