शेणाचा विस्तव व शेणाचें खत

बोरी अरब व दारव्हा तालुक्यांतील आसपासचीं गांवें कपाशी-तुरीचीं होत. पऱ्हाट्या व तुराट्या आहेत तोंवर चूल पेटते. त्या सरल्या कीं गोवऱ्यांची पाळी येते. गोवरी जळली कीं शेणांतील नत्र धुराबरोबर जातें आणि शेताच्या वांट्यास केवळ राख उरते.

हा पेच सोडविणारी युक्ति नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणारा वायु दिवाबत्तीकरितां वापरला गेला. पुढें जशभाई पटेल यांनीं शेणाच्या वायूकरितां तरंगत्या लोखंडी टांकीचें यंत्र सिद्ध केलें व खादी-ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. १९८१-८२ पासून मध्यवर्ती सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली. लोखंड गंजतें व महागही पडतें. म्हणून १९८४ सालीं विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधु’ नमुना पुढें आला.

शेण व पाणी समभाग कालवून बंद विहिरींत घातलें म्हणजे हवेवांचून जगणारे जंतु तें कुजवितात. निघणाऱ्या वायूंत निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. तो शेगडींत जळतो, आणि नत्र मात्र मळींत राहून शेतास मिळतें. चूल व शेत या दोहोंचें भांडण येथें मिटतें.

तथापि हिशेब केल्यावांचून कोणीही खड्डा खणूं नये. एक किलो शेणापासून सुमारें ४० लिटर वायु मिळतो. गोठ्यांतील एका जनावराचें शेण दररोज १० किलो धरिलें, तर बैलजोडीपासून ८०० लिटर वायु होईल. पांच माणसांच्या स्वयंपाकास रोज सुमारें सव्वा घनमीटर, म्हणजे १२५० लिटर लागतो. अर्थात् बैलजोडीवर एका वेळची चूल भागेल, दोन्ही वेळची नव्हे. शिवाय जनावरें रानांत चरावयास गेलीं कीं तेवढें शेण रानांतच राहतें. थंडींत वायु कमी होतो. आणि वैशाखांतही कालविण्यास रोज पाणी पाहिजेच.

ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिते होत आहेत. म्हणून या युक्तीचें भवितव्य एकट्या घराच्या खड्ड्यांत नसून शेजाऱ्यांच्या एकोप्यांत आहे, असें आमचें मत आहे. वायु दूर नेणें कठीण, परंतु लगतच्या दोन-तीन घरांस एक यंत्र सहज पुरवील. मात्र शेण कोणी किती घालावें व मळी कोणास किती मिळावी, हें आधीं लिहून ठेवावें. अनुदानाचा अर्ज त्यानंतर करावा. प्रथम आपला गोठा व आपली विहीर पाहावी.