गुडघ्यांवर उतरलेलं शिखर

१३ जुलै १९७७ची संध्याकाळ. काराकोरममधल्या ७,२८५ मीटर उंचीच्या बायंथा ब्राकवर, गिर्यारोहकांच्या भाषेत ‘ओगर’वर, डग स्कॉट आणि ख्रिस बॉनिंग्टन हे गिर्यारोहक पोहोचले होते. त्या माथ्याला तोवर माणसाचा पाय लागला नव्हता. अंधार दाटत असताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणं, सुरू झालं. स्कॉट दोरावरूनच आडवा सरकू लागला आणि खडकावर साकळलेल्या पातळ बर्फावरून त्याचा पाय निसटला. मोठा झोका घेऊन तो भिंतीवर आदळला. दोन्ही पाय घोट्यांच्या वर मोडले.

सात हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिथे धडधाकट माणूस चार पावलांत धापा टाकतो. जखमीला पाठीवर घेऊन उतरवणं जवळपास अशक्यच. स्कॉटला स्वतःच उतरावं लागणार होतं.

पहिली रात्र त्यांनी उघड्यावर काढली. ना तंबू, ना स्लीपिंग बॅग. बोटांतला रक्तप्रवाह थांबला की हिमदंश होतो, म्हणून दोघं एकमेकांचे पाय चोळत राहिले.

सकाळी मो अँथॉईन आणि क्लाइव्ह रोलंड हे साथीदार मदतीला आले. त्यांनाही माथा गाठायचा होता. तो बेत त्यांनी सोडला आणि दोघांना बर्फात खोदलेल्या गुहेत आणलं. बाहेर वादळ घोंघावू लागलं, जवळचं अन्न संपत आलं. त्यातून खाली जाण्याची वाट आधी चढून पश्चिम शिखरावरून जात होती! पुढचे दोघं भुसभुशीत बर्फातून वाट पाडत आणि स्कॉट दोराला धरून स्वतःला वर ओढत राही. मोडलेले पाय मागे उचलून तो गुडघ्यांवर चालत होता. उभ्या उतारावर शरीराचा भार दोर पेलायचा. हाल व्हायचे ते सपाटीवर. पुढे बॉनिंग्टनही पडला, त्याच्या बरगड्या मोडल्या आणि खोकल्याने तो बेजार झाला. आता चौघांपैकी दोघंच धड होते.

या कथेत स्कॉटच्या चिवटपणाचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण वादळात पुढे राहून वाट काढणारे, दोर लावणारे अँथॉईन आणि रोलंड नसते, तर तो चिवटपणा सांगायला कोणी उरलं नसतं. ओगरचा मुख्य माथा त्या दोघांना कधीच मिळाला नाही.

खाली हिमनदीवरच्या दगडगोट्यांतही स्कॉट रांगतच राहिला. कपड्यांचे थर फाटून गुडघे सोलवटले होते. अपघातानंतर आठवड्याभराने तो तळछावणीवर पोहोचला, तेव्हा ती रिकामी होती. हे चौघे गेलेच, असं समजून खालचे लोक निघाले होते. अँथॉईन लगेच त्यांच्या मागावर धावला. मग स्थानिक बाल्टी पोर्टरांनी स्कॉटला स्ट्रेचरवर घालून त्या खडकाळ वाटेने खाली नेलं.

ओगरच्या मुख्य माथ्यावर पुन्हा माणूस पोहोचायला २००१ साल उजाडलं. स्कॉट मात्र अपघातानंतरही अनेक वर्षं हिमालयात चढाया करत राहिला आणि नेपाळमधल्या डोंगरी गावांसाठी त्याने ‘कम्युनिटी ॲक्शन नेपाळ’ ही संस्था उभारली.