छोट्या यार्डाचे इंजिन

मालगाडीच्या वाघिणी सुट्या करून त्या ठरलेल्या क्रमाने पुन्हा जोडण्याचे काम, म्हणजेच शंटिंग, हे रेल्वेच्या व्यवहारातील सर्वांत संथ आणि प्रवाशाच्या नजरेला क्वचितच पडणारे काम असले, तरी लघुरेल्वेच्या छंदात त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. याचे कारण साधे आहे: लांब पल्ल्याची गाडी धावेल एवढी जागा फार थोड्या घरांत असते आणि वाटोळ्या मार्गावर फिरत राहणारी गाडी पाहण्याचा कंटाळा लवकर येतो, उलट दोन सांधे आणि तीन रूळमार्ग एवढ्या सामग्रीवर शंटिंगचे डाव कितीही मांडता येतात. अशा यार्डाला इंजिन एकच पुरते, आणि म्हणूनच त्याची निवड चुकली की सगळे यार्डच फसते. ही निवड बहुधा आखूडपणा आणि देखणेपणा या दोन गोष्टींवरून केली जाते. त्यांपैकी पहिलीला अर्धाच अर्थ आहे, आणि दुसरीचा यार्डाच्या कामाशी काही संबंध नाही.

लांबीचा प्रश्न नीट समजण्यासाठी ब्रिटिश छंदिक ॲलन राइट यांची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही मांडणी पाहणे सोयीचे ठरते. तिच्यात तीन सायडिंग असतात. एकात पाच आणि उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन वाघिणी मावतात, आणि ज्या बंद टोकाच्या मार्गावर इंजिन मागे-पुढे करते, त्यावर इंजिनासह फक्त तीन वाघिणींची सोय असते. यार्डातील आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच, चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने, जोडून दाखवायच्या असतात. अशा मांडण्या ६,७२० होतात. सर्वाधिक प्रचलित अशा एचओ प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, जिथे दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, अमेरिकी चाळीस फुटी बंद वाघीण कपलिंगसह सुमारे १५५ मिलिमीटर भरते. त्यामुळे त्या बंद टोकाच्या मार्गावर तीन वाघिणींनी ४६५ मिलिमीटर व्यापल्यावर उरलेली लांबी इंजिनाच्या वाट्याची असते. तिथे एसडी-४० सारखे सहा आसांचे मुख्य मार्गावरचे इंजिन आणले, तर ते एकटेच २३० मिलिमीटरच्या आसपास जाते आणि ज्यावर ही मांडणी बसवायची त्या सहा फुटांच्या फळीचा हिशेब कोलमडतो. आखूड इंजिनाचा आग्रह इथपर्यंत रास्त आहे.

या आग्रहातून बहुतेकांची नजर जनरल इलेक्ट्रिकच्या ‘४४ टनी’ इंजिनाकडे वळते. १९४० ते १९५६ या काळात बांधल्या गेलेल्या या यंत्राचे वजन अभियांत्रिकीपेक्षा कामगार करारानेच अधिक ठरवले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अमेरिकी रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यातील १९३७ च्या करारानुसार ९०,००० पौंडांहून जड इंजिनावर चालकासोबत फायरमन ठेवणे बंधनकारक झाले. डिझेल इंजिनात कोळसा टाकायचा नसला तरी फायरमन हवाच होता. अमेरिकी टन २,००० पौंडांचा असल्यामुळे ४४ टनांचे इंजिन ८८,००० पौंडांवर थांबते आणि एका माणसाचा पगार वाचवते. मध्यभागी चालकाची केबिन, तिच्या दोन्ही बाजूंना कमी उंचीची झाकणे आणि प्रत्येक झाकणाखाली एक कॅटरपिलर डिझेल, अशी त्याची रचना होती. कपलिंगसह त्याची लांबी १०.२ मीटर, म्हणजे एचओ प्रमाणात सुमारे ११७ मिलिमीटर भरते. छोट्या फळीसाठी याहून गोजिरवाणे इंजिन सापडणे कठीण, आणि गफलत नेमकी इथेच होते.

प्रत्यक्षातील इंजिन स्वतःची वीज स्वतः तयार करते. प्रतिकृतीला मात्र ती रुळांतून, चाकांवाटे घ्यावी लागते. एका रुळावर वाहणारा प्रवाह आणि दुसऱ्यावरून परतणारा प्रवाह यांची गाठ जिथे पडते ते ठिकाण म्हणजे सांध्यातील फ्रॉग, ज्याला भारतीय रेल्वेत क्रॉसिंग म्हणतात. दोन मार्गांचे आतले रूळ तिथे एकमेकांना छेदतात. शॉर्ट सर्किट टाळण्यासाठी स्वस्त सांध्यांत हा तुकडा प्लॅस्टिकचा केलेला असतो, म्हणजे त्यावरून जाणाऱ्या चाकाला वीज मिळत नाही. लांब इंजिनाची एक बोगी, अर्थात त्याखालचा चाकांचा गाडा, या मृत तुकड्यावर असताना दुसरी बोगी जिवंत रुळावर असते आणि इंजिन अडखळत नाही. दोनच आसांच्या लहानशा इंजिनाला तशी सवलत नाही. त्याचे एक चाक फ्रॉगवर आणि दुसरे धुळीच्या कणावर चढले, की ते जागीच थांबते आणि बोटाने ढकलावे लागते. शंटिंगमध्ये हे वारंवार घडते, कारण वेगवान इंजिन अशा जागा स्वतःच्या झोकाने ओलांडते, तर यार्डातील संथ इंजिनाला झोक नसतो. म्हणून आठही चाकांतून वीज घेणारे इंजिन ही पहिली अट, आणि फ्रॉग धातूचा असून सांधा बदलताच त्याची ध्रुवता बदलेल अशी तारजोडणी ही दुसरी.

४४ टनी प्रतिकृतीला चाके आठ असतात खरी, पण तिच्या झाकणांखाली जागा नसते. केबिनच्या खिडक्यांतून आरपार दिसत असल्यामुळे मोटर तिथे ठेवली तर ती उघडी पडते, आणि अरुंद झाकणाखाली ठेवायची तर ती फार लहान घ्यावी लागते. मोटरीचा झोक टिकवणारे जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, आणि वजनासाठीचा शिशाचा तुकडा यांना मग जागाच उरत नाही. वजन मात्र हवे असते, पण ते ओढण्याच्या ताकदीसाठी नव्हे. अमेरिकी छंदिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचे वजन एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असावे, म्हणजे सहा इंची वाघीण सुमारे ११३ ग्रॅमची होते. अशा आठ वाघिणी सपाट फळीवर ओढायला बेताच्या वजनाचे इंजिनही सहज पुरते. वजन लागते ते चाक रुळावर घट्ट दाबले जाऊन वीज अखंड मिळावी म्हणून. जाहिरातीत मिरवली जाणारी ओढशक्ती छोट्या यार्डात जवळजवळ निरुपयोगी असते, हे फारसे कोणी सांगत नाही.

या साऱ्या अडचणींवरचा तोडगा टोकाला केबिन असलेल्या इंजिनांत आहे. इलेक्ट्रो-मोटिव्हचे ६०० अश्वशक्तीचे एसडब्ल्यू-१, त्यांचेच १,००० अश्वशक्तीचे एनडब्ल्यू-२, किंवा न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे १९४० ते १९५० दरम्यान बांधलेले अल्कोचे एस-२ यांची प्रतिकृती १५५ ते १६० मिलिमीटर भरते. म्हणजे ४४ टनीपेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर जास्त. तेवढ्या लांबीच्या मोबदल्यात एकच लांब, उंच झाकण मिळते आणि त्याखाली मोटर, दोन फ्लायव्हील, विजेचा संचय करणारा कपॅसिटर आणि आवाजाचा स्पीकर हे सगळे बसते. भारतीय वाचकाला एस-२ चा तोंडवळा ओळखीचा वाटावा, कारण वाराणसीचा डिझेल इंजिन कारखाना अल्कोच्याच तंत्रसहकार्याने उभा राहिला आणि भारतीय यार्डांतील डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंग इंजिन अल्कोच्या २५१ जातीच्या सहा सिलिंडरच्या डिझेलवर चालते. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा छंद लागला, त्यांनाही घरच्या फळीसाठी याच घडणीचे इंजिन सोयीचे पडेल.

संथपणाची खरी परीक्षा कपलिंगपाशी होते. केडी कंपनीच्या कपलिंगला खाली हवेच्या नळीसारखी दिसणारी लोखंडी तार असते. रुळांच्या मधोमध बसवलेल्या चुंबकावर दोन वाघिणींमधील जोड आणून इंजिन किंचित मागे घेतले, की ओढ सैल होते, दोन्ही तारा विरुद्ध दिशांना खेचल्या जातात आणि कपलिंग सुटते. ही मागे घेण्याची हालचाल काही मिलिमीटरची असते. जे इंजिन सुरू होतानाच उडी मारते, त्याला ती जमत नाही. डिजिटल नियंत्रणात, म्हणजे रुळांतून विजेबरोबरच सांकेतिक आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीत, इंजिनातील डिकोडर मोटरीचा वेग सतत मोजून सावरतो, त्यामुळे हे काम सुकर होते. तरीही वाईट दातेचक्रे कोणताही डिकोडर सुधारू शकत नाही. कॅलिफोर्नियाचे जॉन ॲलन, ज्यांचे ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे कोडे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनी आपल्या यार्डात एमा नावाचा स्टेगोसॉरस शंटर म्हणून ठेवला होता. ती गंमत होती. पण यार्डातील इंजिनाकडून धावण्यापेक्षा रांगण्याचीच अपेक्षा असते, हे त्या प्राण्याने नेमके दाखवले होते.

आपल्याकडील पावसाळी दमटपणात आणि उन्हाळी धुळीत निकेल-सिल्व्हरचे रूळ गंजत नसले, तरी त्यांवर वीज अडवणारा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाके पुसण्याचा नेम चुकला, तर चांगले इंजिनही वाईटच भासते. खरेदीपूर्वीची चाचणी मात्र कोणालाही करता येण्याजोगी आहे. प्रत्यक्ष यार्डातील ताशी सहा-साडेसहा किलोमीटरचा वेग एचओ प्रमाणात सेकंदाला सुमारे २० मिलिमीटर भरतो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला सुमारे पन्नास सेकंद लागायला हवेत. त्या मीटरभरात एक सांधा यावा, इंजिन दोन्ही दिशांनी आणि दोन्ही मार्गांनी चालवावे, आणि ते बोट न लावता पार झाले तरच विकत घ्यावे. सहा फुटी फळीसाठी एस-२ किंवा एसडब्ल्यू मालिकेतील इंजिन घ्यावे. ४४ टनीचा विचार फळी खरोखरच त्याहून आखूड असेल तेव्हाच करावा.